शिकवणाऱ्यांचे शिक्षण : भिंगार-नगर परिसरातील अध्यापक-घडणीचा इतिहास

नगर शहराच्या पूर्वेला जेमतेम दोन मैलांवर असलेले भिंगार हे गाव शहराहून जुने आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला तो याच गावाच्या शिवारात, आणि त्या विजयाच्या जागी वसवलेल्या शहराला पुढे अहमदनगर हे नाव मिळाले, जे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. १७०७ मध्ये औरंगजेबाचा अंत येथेच झाला. इंग्रजांनी १८०३ मध्ये भुईकोट किल्ला घेतल्यानंतर या परिसराला लष्करी महत्त्व आले आणि पुढे भिंगारला लागून छावणी, म्हणजे सैन्याच्या वस्तीसाठी राखलेला व स्वतंत्र मंडळाच्या कारभाराखालील भाग, उभी राहिली. लढाया, बादशहा आणि किल्ला यांच्यापुरताच भिंगारचा इतिहास सांगण्याची प्रथा पडलेली आहे. परंतु या गावाच्या आसपासच्या काही मैलांच्या टापूत आणखी एक इतिहास घडत आला आहे, आणि तो म्हणजे शिकवणाऱ्या माणसाला शिकवण्यासाठी तयार करण्याचा. करोनाच्या साथीत महाविद्यालयीन अध्यापनाची जी परीक्षा झाली तिचा अर्थ या जुन्या इतिहासाशिवाय नीट लागत नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले आणि धर्मप्रचाराच्या जोडीने शाळा काढल्या. याच मिशनच्या सिंथिया फरार या बाईंनी १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यापूर्वी जोतीराव फुले यांनी फरारबाईंची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंच्या संस्थेत व पुण्याच्या नॉर्मल स्कुलात घेतले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. या घटनेकडे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून नेहमी पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि तिची दुसरी बाजू तितकीच मोलाची आहे. स्वतः अक्षरओळख झाली म्हणजे दुसऱ्याला शिकवता येईलच असे सावित्रीबाईंनी किंवा जोतीरावांनी गृहीत धरले नाही, आणि शिकवणे ही वेगळी विद्या असून ती वेगळी शिकावी लागते ही जाण त्या काळातही त्यांच्याजवळ होती. आज ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे त्याच्या महाविद्यालयांत ही जाण किती रुजली, हा प्रश्न पुढे विचारावा लागणार आहे.

नॉर्मल स्कूल म्हणजे प्राथमिक शिक्षक तयार करणारी संस्था. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिश्चन व्हर्नाक्युलर एज्युकेशन सोसायटीने हिंदुस्थानात शिक्षक तयार करण्यासाठी ज्या मोजक्या संस्था काढल्या त्यांपैकी एक नगरला होती, आणि नंतरच्या काळात हेच काम ट्रेनिंग कॉलेज, मग अध्यापक विद्यालय अशा नावांनी चालू राहिले. या संस्थांची पद्धत महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या मास्तराला किंवा बाईंना तोंडपाठ असते. होतकरू शिक्षकाने आदल्या दिवशी पाठाचे टाचण काढायचे, म्हणजे घटक कोणता, उद्देश काय, प्रस्तावनेत कोणते प्रश्न विचारायचे, फळ्यावर काय लिहायचे आणि शेवटी मुलांना काय समजले हे कसे तपासायचे, हे सारे वहीत मांडून मार्गदर्शकाची सही घ्यायची. दुसऱ्या दिवशी सराव पाठशाळेतल्या खऱ्या मुलांसमोर तो पाठ घ्यायचा. आणि त्या वेळी वर्गाच्या मागच्या बाकावर मार्गदर्शकासह त्याचे सोबती निरीक्षण वही घेऊन बसलेले असायचे. पाठ संपल्यावर चर्चा होई, आवाज चढला होता की पडला होता, फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोलणे झाले, मागच्या रांगेतल्या मुलाला एकदाही प्रश्न गेला की नाही, हे तोंडावर सांगितले जाई. या पद्धतीत पुढे साचेबंदपणा आला, टाचणे जुन्या वह्यांवरून उतरवली जाऊ लागली, हे खरे आहे. तरीही आपले शिकवणे दुसऱ्याच्या नजरेखाली घडले पाहिजे आणि त्यावर समव्यवसायी माणसाने बोलले पाहिजे, हे तत्त्व तिने प्राथमिक व माध्यमिक शिक्षकाच्या अंगी बाणवले.

याच तत्त्वाचे दुसरे रूप भिंगारच्या छावणीत पाहायला मिळते. पहिल्या महायुद्धानंतर नगर हे चिलखती वाहनांच्या प्रशिक्षणाचे ठिकाण होत गेले, १९४८ मध्ये येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलची घडी बसली, आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटरही येथेच आले. रणगाड्याची तोफ, इंजिन किंवा बिनतारी यंत्रणा शिकवणाऱ्या निदेशकाला जवान ‘उस्ताद’ म्हणतात. हा उस्ताद आपल्या कामात कितीही निष्णात असला तरी त्याला थेट वर्गासमोर उभे केले जात नाही. लष्करात शिकवण्याच्या पद्धतीचे वेगळे प्रशिक्षण असते, त्यात पाठाची आखणी, साधनांचा वापर, प्रात्यक्षिक दाखवण्याचा क्रम आणि शिकणाऱ्याकडून ते करवून घेणे यांचा सराव सोबत्यांसमोर होतो. लष्करी शिक्षणाचा हेतू आणि शिस्त विद्यापीठाहून अगदी निराळी आहे, आणि प्रश्न विचारणारा विद्यार्थी घडवणे हे ज्या संस्थेचे काम आहे तिने छावणीची नक्कल करावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र विषय येणे आणि विषय शिकवता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भिंगारच्या कॅम्पात जितके स्वाभाविक मानले गेले तितके तेथून शहराकडे निघाल्यावर लागणाऱ्या महाविद्यालयांत मानले गेले नाही.

नगर शहरात उच्च शिक्षण आले ते स्वातंत्र्याच्या वर्षी. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज स्थापन केले, आणि दुष्काळी, कोरडवाहू जिल्ह्यातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांसाठी दार उघडले. १९४९ मध्ये बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या कुलगुरुपदाखाली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि नगर जिल्हा त्याच्या क्षेत्रात आला. पुढच्या दशकांत पेमराज सारडा महाविद्यालय, न्यू आर्ट्स कॉलेज अशा संस्था उभ्या राहिल्या, आणि भिंगारच्या मुलामुलींना पदवीसाठी पुण्याला जाण्याची गरज उरली नाही. या महाविद्यालयांत शिकवायला येणाऱ्याकडे पदव्युत्तर पदवी असणे पुरेसे होते. प्राथमिक शिक्षकाला डी.एड. लागे, माध्यमिकाला बी.एड. लागे, महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला मात्र एम.ए. किंवा एम.एस्सी. झाल्यानंतरच्या जूनमध्ये शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गासमोर उभे केले जाई, आणि आपल्याला ज्या गुरुजनांनी शिकवले त्यांच्या आठवणीवर तो आपली पद्धत बेतत असे. त्यातून अनेक नामवंत अध्यापक तयार झाले, यात शंका नाही. पण ते त्यांच्या प्रतिभेने आणि कष्टाने तयार झाले, व्यवस्थेने नव्हे. १९८९ पासून नेट आणि १९९० च्या दशकात महाराष्ट्रात सेट ही पात्रता परीक्षा आली, तिच्या पहिल्या पेपरात अध्यापन-अभियोग्यता, म्हणजे शिकवण्याचा कल, तपासला जाऊ लागला. तो तपासला गेला बहुपर्यायी प्रश्नांनी, आणि उमेदवार वर्गात कसा शिकवतो हे पाहण्याची सोय त्यात नव्हती.

या उणिवेची जाणीव धोरणकर्त्यांना फार लवकर झाली होती. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी सुट्टीतील उजळणी वर्गांची शिफारस केली. कोल्हापूर जिल्ह्यातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही नव्या प्राध्यापकाला कामावर येताच मार्गदर्शन मिळावे असे सुचवले. प्रत्यक्ष यंत्रणा उभी राहायला १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेज नावाची केंद्रे काढली, पुणे विद्यापीठातही असे केंद्र सुरू झाले, आणि नगरच्या प्राध्यापकांच्या बोलण्यात दोन शब्द कायमचे आले : ओरिएंटेशन, म्हणजे नव्या अध्यापकासाठी सुमारे महिनाभराचा सर्वसाधारण वर्ग, आणि रिफ्रेशर, म्हणजे आपल्या विषयातील नवे ज्ञान मिळवण्यासाठीचा दोन-तीन आठवड्यांचा वर्ग.

या वर्गांचे काही फायदे निःसंशय झाले. तालुक्याच्या गावी एकट्याने एखादा विषय सांभाळणाऱ्या प्राध्यापकाला तेथे आपल्या विषयाची माणसे भेटत, ग्रंथालय मिळे, संशोधनाची दिशा मिळे, आणि त्या तीन आठवड्यांतली मैत्री पुढे आयुष्यभर पुरे. परंतु रचनेतच दोन दोष होते. पहिला असा की हे प्रशिक्षण वर्गापासून दूर होते. प्रशिक्षणार्थी पुण्याला जाऊन तज्ज्ञांची व्याख्याने ऐकत असे, त्याचे स्वतःचे नगरमधले शिकवणे कोणी पाहत नसे. दुसरा दोष अधिक खोल गेला. प्रशिक्षणाची सांगड पदोन्नतीशी घालण्यात आली, ज्याला प्राध्यापक मंडळी ‘प्लेसमेंट’ किंवा ‘कॅस’ म्हणतात, आणि त्यामुळे ओरिएंटेशन कधी करायचे हा प्रश्न शिकवण्यातील अडचणीपेक्षा वेतनश्रेणीच्या तारखेवरून ठरू लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रत्येक कामाला गुण दिले, आणि राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे नॅकने, महाविद्यालयाला श्रेणी देताना किती अध्यापकांनी प्रशिक्षण घेतले हे मोजायला सुरुवात केल्यावर प्रमाणपत्र ही व्यक्तीबरोबरच संस्थेचीही गरज झाली. साथ येण्यापूर्वी आयआयटी मुंबईने दीपक फाटक यांच्या पुढाकाराने हजारो अध्यापकांना एकाच वेळी दूरस्थ प्रशिक्षण देण्याचे मोठे प्रयोग केले होते, २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा राष्ट्रीय मंच सुरू झाला होता, आणि २०१९ मध्ये आयोगाने ‘गुरु-दक्षता’ नावाने नवोदितांसाठी महिनाभराच्या प्रवेश-प्रशिक्षणाचा आराखडाही दिला होता. साधने होती, मार्गही होते, सक्ती नव्हती.

ती सक्ती मार्च २०२० मध्ये आली. महाविद्यालये महिन्याच्या मध्याला बंद झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि नगरच्या वसतिगृहांतली मुले पाथर्डी, जामखेड, पारनेर, शेवगाव अशा तालुक्यांतील आपापल्या गावी परतली. जून उलटून गेला तरी वर्ग भरण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा शिकवणे घरातून सुरू झाले. त्या काळातल्या प्राध्यापकाच्या घरातली मांडणी इतिहासाच्या दृष्टीने नोंदवण्याजोगी आहे. गणित किंवा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला फळ्याची सवय होती आणि घरी फळा नव्हता. म्हणून स्टीलच्या दोन उंच डब्यांवर पट्टी आडवी टाकून तिच्यावर मोबाइल ठेवायचा, त्याच्या कॅमेऱ्याखाली कोरा कागद घ्यायचा आणि उदाहरण सोडवत जायचे, असा उपाय अनेकांनी केला. प्रयोगशाळा बंद असल्याने रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची जागा व्हर्च्युअल लॅबने, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर प्रयोगाचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीने घेतली. तीत विद्यार्थ्याला अनुमापनाचा अंत्यबिंदू दिसे, पण ब्युरेटची तोटी बोटांनी आवरण्याचा सराव होत नसे.

या पहिल्या काही महिन्यांत जे प्रशिक्षण झाले ते या सबंध इतिहासातले सर्वांत खरे प्रशिक्षण होते, असे म्हणावेसे वाटते. ते कोणत्याही परिपत्रकाने घडवले नाही. विभागातल्या तरुण सहकाऱ्याने साठीकडे झुकलेल्या विभागप्रमुखांना गुगल क्लासरूममध्ये गृहपाठ कसा टाकायचा हे फोनवरून शिकवले, संगणकशास्त्राच्या शिक्षकांनी मराठी आणि इतिहासाच्या सहकाऱ्यांसाठी स्क्रीन रेकॉर्ड करण्याच्या छोट्या चित्रफिती बनवून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकल्या, आणि ज्येष्ठांनी उलट त्यांना सांगितले की पाऊण तासाचे व्याख्यान मुलांच्या पडद्यावर टिकत नाही, ते तोडून दहा-दहा मिनिटांचे करावे आणि मध्ये प्रश्न विचारावा. एकमेकांचा पाठ पाहायचा, त्यावर बोलायचे, पुन्हा घ्यायचा, ही नॉर्मल स्कुलातली रीत महाविद्यालयाच्या आवारात पहिल्यांदा पोहोचली ती अशी, आणि तीही आवार बंद असताना. त्यातही बंद दाराआडचा वर्ग अचानक उघडा पडला होता. ज्या घरात एकच मोबाइल होता तिथे आई, धाकटा भाऊ आणि कधी कधी आजोबा असे सगळे प्राध्यापकांचे बोलणे ऐकत होते, ध्वनिचित्रफीत नंतरही कोणालाही पाहता येत होती, आणि आपले शिकवणे दुसरे कोणी पाहील ही कल्पनाच ज्यांना इतकी वर्षे अपरिचित होती त्यांना तिच्याशी जुळवून घ्यावे लागले. काहींनी कॅमेऱ्यासमोर टिपणे वाचून वेळ मारून नेली. पण अनेकांनी वीस वर्षांपूर्वीची पिवळी पडलेली टिपणे बाजूला ठेवून विषय नव्याने मांडला.

विद्यार्थ्यांच्या बाजूने चित्र फार कष्टाचे होते, आणि अध्यापनाच्या गुणवत्तेची कोणतीही चर्चा ते वगळून करता येत नाही. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कामगारांची मुले, शहरातल्या दुकानांत काम करून शिकणारी मुले, भिंगारच्या दाट वस्तीतल्या एका खोलीच्या घरातली मुले, यांच्यापैकी कितीतरी जणांचा वर्गातला सहभाग म्हणजे पडद्यावर दिसणारे नाव एवढाच होता. कॅमेरा बंद, ध्वनिक्षेपक बंद, आणि ‘समजले का’ या प्रश्नाला उत्तर म्हणून शांतता. वर्गात मुलाच्या चेहऱ्यावरून न समजल्याचे ओळखण्याची जी कला चांगल्या शिक्षकाजवळ असते ती येथे निकामी झाली. तिच्या जागी काय वापरावे हे शिकवणारे प्रशिक्षण देण्याची ही खरी वेळ होती.

त्या वेळी आला तो वेबिनारांचा पूर. एप्रिल-मे २०२० पासून महाविद्यालया-महाविद्यालयांनी ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ वेबिनार भरवले, दिल्लीच्या रामानुजन कॉलेजच्या अध्यापन-अध्ययन केंद्रासारख्या संस्थांच्या आठवड्या-दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणांना देशभरातून प्राध्यापकांनी गर्दी केली, आणि स्टाफ कॉलेजांच्या रूपांतरातून झालेली मनुष्यबळ विकास केंद्रेही ऑनलाइन ओरिएंटेशन व रिफ्रेशर घेऊ लागली. पाथर्डीच्या किंवा कर्जतच्या प्राध्यापिकेला लहान मुले घरी ठेवून तीन आठवडे पुण्याला राहावे न लागता दिल्लीच्या वर्गात बसता आले, हा लाभ मोठा होता आणि तो टिकायला हवा. मात्र बहुसंख्य वेबिनारांचा साचा ठरून गेला होता : स्वागत, परिचय, तासाभराचे भाषण, आणि शेवटी संवादाच्या चौकटीत टाकलेला अभिप्राय अर्जाचा दुवा, जो भरला की दुसऱ्या दिवशी ई-मेलवर प्रमाणपत्र येई. त्या दुव्याची वाट पाहत बसलेल्या शेकडो अध्यापकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण प्रमाणपत्र मोजणारी व्यवस्था त्यांनी निर्माण केलेली नव्हती. परंतु सहकाऱ्यांमध्ये आपापसांत जे शिकणे सुरू झाले होते त्याची नोंद कोणत्याही रकान्यात बसत नव्हती आणि या कागदांची बसत होती, आणि जे मोजले जाते तेच शेवटी उरते.

परीक्षांनी या ओढाताणीत भर घातली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही यावर राज्य सरकार आणि आयोग यांच्यात झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २८ ऑगस्ट २०२० च्या निकालाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही हे ठरले, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा घेतली. दीर्घोत्तरी प्रश्न काढण्यात मुरलेल्या अध्यापकांना काही आठवड्यांत प्रश्नपेढ्या तयार कराव्या लागल्या. चांगला बहुपर्यायी प्रश्न काढणे ही अवघड विद्या आहे, चुकीचे पर्यायही विचार करायला लावणारे असावे लागतात. पण तेवढा वेळ आणि तेवढे मार्गदर्शन फारसे कोणाला मिळाले नाही.

या सबंध काळात ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही तो वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा, ज्यांना सर्वत्र ‘सीएचबी’ म्हणतात. घेतलेल्या तासांचे मानधन मिळवणाऱ्या या अध्यापकांना सुट्टीचे पैसे नसतात, पदोन्नती नसते, आणि म्हणून प्रशिक्षणाची सारी रचना, जी पदोन्नतीवरच बेतलेली आहे, त्यांना ओलांडून पुढे जाते. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्यात नव्या पदभरतीवर बंदी आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ पदांना मान्यता मिळाली, तरी अनेक विभागांचा भार याच लोकांच्या खांद्यावर राहिला. ऑनलाइन साधने सर्वांत सहज हाताळणारी पिढी हीच होती, ज्येष्ठांना ती शिकवणारेही बहुधा हेच होते, आणि वर्ष संपताच नेमणूक संपत असल्याने त्यांनी मिळवलेले कसब संस्थेत राहिले नाही.

महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली, जानेवारी २०२२ मध्ये काही आठवडे परत बंद झाली, आणि नंतर घडी बसली. परत आलेल्या वर्गात अध्यापकांना जी मुले भेटली त्यांची लिहिण्याची सवय मोडलेली होती, प्रयोगशाळेतली उपकरणे त्यांनी कधी हातात धरलेली नव्हती, आणि पुष्कळ जण पहिल्या वर्षाला असूनही महाविद्यालय म्हणजे काय हे त्यांनी पाहिलेले नव्हते. या मुलांना कसे शिकवावे हा प्रश्न साथीतल्या तांत्रिक प्रश्नापेक्षा कठीण होता, आणि त्याच्यावर कोणी वेबिनार भरवले तरी उत्तर वर्गातच शोधावे लागत होते. बहुतेक ठिकाणी फळा आणि खडू परत आले. व्हॉट्सअ‍ॅपचे गट मात्र राहिले, आणि न समजलेला भाग रात्री पुन्हा विचारण्याची सोय मुलांना झाली, ही त्या काळाची बरी देणगी आहे.

दरम्यान २९ जुलै २०२० ला मंजूर झालेले नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अंमलात येऊ लागले. २०२४-२५ पासून पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत पदवीचे नवे अभ्यासक्रम सुरू झाले, श्रेयांकांची नवी रचना आली, आणि आजवर न शिकवलेले विषय अध्यापकांच्या वाट्याला आले. मनुष्यबळ विकास केंद्रांचे नाव सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा बदलले आणि ती मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण केंद्रे झाली. आठ विषयसूत्रांवर आधारलेले त्यांचे वर्ग मुख्यतः ऑनलाइन होतात, आणि नगरचे प्राध्यापक आता घरी किंवा विभागात बसून ते पूर्ण करतात. फरारबाईंच्या काळापासून या परिसरात शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा जो गाभा होता, म्हणजे त्याचा स्वतःचा पाठ, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, जाणत्या सहकाऱ्याच्या उपस्थितीत, त्याला या वेळापत्रकात अद्याप जागा नाही. ती करायला नवे केंद्र लागत नाही. विभागातल्या दोन अध्यापकांनी आठवड्यातून एक तास एकमेकांच्या वर्गात बसावे, त्या तासाची गणना कार्यभारात व्हावी, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्याचे मानधन मिळावे, एवढा निर्णय पुरेसा आहे.